मास्तरांनी पाच वेळा परत पाठवलेला बदल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. करडा, वजनदार, एका बाजूला पत्रा चेपलेला. माझा जन्म कारखान्यात झाला, पण शहाणपण आलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. तिथे मास्तर बसत. ते शाळेत शिकवत नव्हते. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढत, म्हणून कचेरीत त्यांना ते नाव पडलं होतं.

संगणकाच्या कार्यप्रणालीला एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कोणत्या कामाला पुढे सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे तो ठरवतो. तिथे क्षणाक्षणाला काय घडलं याच्या नोंदी ठेवणारा भाग मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला होता. एखादं यंत्र अडकलं की लोक त्या नोंदी उघडून दोष शोधत. त्या भागात कोणी एक ओळ जरी बदलली, तरी ती आधी मास्तरांनी वाचायची, मग माझ्यावर चालवून बघायची आणि मगच आत घ्यायची. काम नीट चाललं की मास्तर माझ्या पत्र्यावर थाप मारत. "याच्यावर चाललं ना, मग कुठेही चालेल!" असं ते येईल त्याला सांगत. ती थाप म्हणजे माझं बक्षीस होतं.

मग नवं यंत्र आलं. काळं, चपटं, जरासुद्धा आवाज न करणारं. मला पाऊण तास लागे ते काम ते चार मिनिटांत हातावेगळं करी. त्याला टेबलावर जागा मिळाली. मी टेबलाखाली गेलो आणि माझ्या डोक्यावर कागदांचे गठ्ठे आले. मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच सुमारास ताई आल्या. दोन मुलं वाढवताना नऊ वर्षं नोकरीपासून दूर राहिलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या. सहा महिने त्यांचं काम बघायचं, मग मास्तरांनी अहवाल द्यायचा आणि त्यावर नोकरी कायम व्हायची, असं ठरलं होतं. पाचव्या महिन्यात ताईंनी एक बदल पाठवला. गाभ्यावर कामाचा ताण आला की काही नोंदी गुपचूप गळून जातात, हे त्यांनी हेरलं होतं. मास्तरांच्या चारशे ओळी काढून त्यांनी दीडशेच लिहिल्या होत्या.

मास्तर वाचत होते तेव्हा मी त्यांच्या पायाशीच होतो. त्यांचा पाय सवयीनं हलत होता. वाचता वाचता तो थांबला. मला कळलं, काम त्यांना आवडलंय. आणि तेच त्यांना सहन होत नाहीये.

त्यांनी शेरा लिहिला, "ओळींतल्या मोकळ्या जागा सारख्या नाहीत." ताईंनी दुपारपर्यंत सारख्या केल्या. मग मास्तरांना ओळींत वापरलेली नावं फार लांब वाटली. ती आखूड केल्यावर फारच आखूड झाली. मग एका टिपेत शुद्धलेखन चुकलं. असा पाच वेळा तो बदल परत गेला. आणि मी? मी खूश होतो. ताई त्या काळ्या यंत्रावर काम करत. त्यानं उचलून धरलेलं मास्तर नाकारताहेत, याच्या मला गुदगुल्या होत होत्या.

सहाव्या वेळी ताई स्वतः खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, चूक दाखवा, मी दुरुस्त करते. पण शुक्रवारी नवे बदल घेण्याचं दार बंद होतंय. मग तीन महिने काही आत जाणार नाही."

"एवढी घाई कसली?"

"लोकांची यंत्रं अडकतायत आणि नोंदींत नेमकं तेच पान कोरं निघतंय."

"बारा वर्षं चाललंय ते. कोणाची तक्रार आली नाही."

"पान कोरं दिसलं की लोकांना वाटतं, तिथे काही घडलंच नाही. तक्रार कशाची करणार?"

मास्तरांचे कान लाल झाले. "जुन्या यंत्रावर चालवतो. तिथे टिकलं तर बघू."

माझी ताकद कमी, स्मरणशक्ती तोकडी. माझ्यावर चालवताना तो बदल कोसळेल, अशी त्यांना आशा होती. मलाही होती. काळ्या यंत्रानं पास केलेलं मी नापास केलं, की टेबलावरची जागा पुन्हा माझी!

गठ्ठे उतरले. मास्तरांनी दहा लाख घटना माझ्यावर सोडल्या. आधी स्वतःच्या ओळी चालवल्या. गहाळ नोंदी निघाल्या तीन हजार एकशे बारा. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा चालवलं. आकडा वाढलाच. मग ताईंच्या ओळी. माझा पंखा बोंबलू लागला, अंग तापलं. खरं सांगतो, मला मध्येच बंद पडावंसं वाटत होतं. पण मोजणं माझ्या हातात, आकडा बदलणं नाही. गहाळ नोंदी आल्या शून्य.

मास्तरांनी तो आकडा कागदावर उतरवून घेतला. बायकोचा फोन आला.

"जेवलात का?"

"नाही. अगं, एका बाईंनी माझी चूक काढली."

"मग, आहे का चूक?"

"आहे."

"मग चिडा हवं तेवढं, पण घरी येऊन चिडा. तिथलं तिथे लिहून टाका."

मास्तरांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "बदल योग्य आहे. माझ्या ओळी बारा वर्षं नोंदी गाळत होत्या. आधीचे पाच शेरे कामावरचे नव्हते. मला हेवा वाटला, म्हणून दिले होते."

बदल शुक्रवारच्या आधी आत घेतला गेला. ताई कायम झाल्या. पण सोमवारी त्यांनी दुसऱ्या गटात जागा मागून घेतली.

"इथेच राहिला असतात तर..." मास्तर अडखळले.

"शेरा वाचला, मास्तर. बरं वाटलं. पण पाच वेळा मी घरी जाऊन सांगितलंय, की आता हे काम मला जमत नाही. ते विसरायला जरा लांब बसते."

मास्तरांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला, पण थाप मारली नाही.

आता मी कोठारातल्या फळीवर आहे. मित्रांनो, जुन्या यंत्रांच्या पंख्यांतली धूळ अधूनमधून काढत जा, आम्ही अजून खरं मोजतो. आणि दुसऱ्याच्या चांगल्या कामाचा हेवा वाटला, तर वाटू द्या. त्या काळ्या यंत्राचा मला आजही वाटतो. फक्त तो वाटत असताना त्या कामावर शेरा लिहू नका. मास्तरांनी सगळे शेरे मागे घेतले, तरी ताईंची खुर्ची रिकामीच राहिली.