पाठवणीची रेकॉर्ड

लग्नघरी मला जेवायला कुणी आधी बोलावत नाही, पण रडायची वेळ झाली की सगळे माझ्याच तोंडाकडे पाहतात. सौंसरला माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, भोंगे. चौदा वर्षांपूर्वी नागपूरच्या जुन्या बाजारातून मी एक विदेशी रेकॉर्ड उचलली होती. तिला कव्हरही नव्हतं. तिच्यात एक संथ धून होती. एक बाई शब्दांवाचून नुसती गुणगुणते. एका पाठवणीला ती चुकून लागली आणि नवरदेवाकडचे लोकसुद्धा रडले. तेव्हापासून लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत ती वाजल्याशिवाय लेक गाडीत बसत नाही. बायका पदर हातात धरून थांबतात, सुई टेकली की सुरू होतात.

खरं सांगायचं तर मला तिचा वीट आला होता. सत्त्याऐंशी सालापर्यंत रेकॉर्डही माझ्यासारखीच झिजली. ऐन हुंदक्यात अडकायची आणि ती बाई तेवढंच पुन्हापुन्हा गुणगुणत राहायची.

आमच्या स्मिताचं लग्न पांढुर्ण्याला ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, साऱ्यायच्या पोरी त्या रेकॉर्डवर लावून दिल्या तुम्ही. माह्या वेळी ते अडकाले नको."

पोरीनं एवढं एकच मागितलं. मी जुनी रेकॉर्ड घेऊन नागपूरला सीताबर्डीवर मुकुंदरावांच्या रेकॉर्डच्या दुकानात गेलो आणि त्यांना ऐकवली. त्यांनी मुंबईला पत्रं टाकली. चार महिन्यांनी निरोप आला की इटलीतल्या कंपनीनं तीच रेकॉर्ड पुन्हा नव्यानं काढली आहे आणि एक प्रत दुकानात आली आहे.

मी कव्हर पाहिलं. वर पिस्तूल धरलेला माणूस, खाली रस्त्यात पडलेली बाई. मुकुंदरावांनी मागचं इंग्रजी वाचलं.

"खुनाच्या पिक्चरचं संगीत आहे हे, मोतीरामजी. नवऱ्यानं मारलेल्या पोरीचं प्रेत ओळखाले तिचा बाप येते, तेव्हा तुमची ही धून वाजते. कुठं लावता तुम्ही हे?"

"असंच, कार्यक्रमात," मी म्हणालो.

परतताना एसटीत एकेक पोरगी आठवत गेली. शेकडो जणींना मी याच सुरावर वाटेला लावलं होतं. त्यातल्या दोघींचं पुढं वाईट झालं, हेही आठवलं. मी काही देवभोळा माणूस नाही, पण त्या दिवशी मला भीती वाटली. घरी येऊन बायकोला, सरलाला सांगितलं, रेकॉर्ड भेटली नाही. आणि ती पडद्यांच्या पेटीत तळाशी सारून दिली.

पाठवणीच्या वेळी मी मशीन बंदच ठेवली. जीप उभी होती, सगळं गाव उभं होतं, आणि कुणी रडेना. माझी मोठी बहीण कलाबाई पदर डोळ्यांपर्यंत नेऊन तशीच थांबली. व्याही घड्याळ पाहू लागले. सरला कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. रडायचं कसं ते आमचे लोक माझ्यामुळे विसरून गेले होते, आणि मला त्यांचा नाही, माझाच राग आला.

शेवटी स्मिताच जीपपासून परत फिरली. माझ्या मागची पेटी उघडून तिनं पडद्यांखालून ती रेकॉर्ड काढली आणि माझ्यापुढे धरली.

"लावा न, बाबा."

"चांगलं नाही ते, बेटा. त्याच्यात..."

"पेटीत सापडली तेव्हाच वाचलं मी मागचं. मलेबी इंग्रजी येते." मग मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या बापाले उशीर झाला होता. तुम्ही लवकर येत जा."

मी सुई ठेवली. बायकांचा एकच गलका उठला आणि त्यात माझंही रडणं खपून गेलं.

नातवंड होईपर्यंत बापानं लेकीच्या घरी जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. परतणीला माहेरी येऊन स्मिता पुन्हा सासरी गेली, त्याच्या चौथ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं पांढुर्ण्याला पोचलो. व्याही दारातच अडखळले.

"एवढ्यात कसं येणं केलं, मोतीरामजी? काही काम निघालं का?"

"काम काही नाही," मी म्हणालो. "पोरीले पाहाले आलो. आता येतच राहीन."