बिनखुणेचं चित्र

झिपारने वडिलांना मुद्दामच खांबाजवळच्या खुर्चीत बसवलं. तिथे चहाची किटली हाताशी होती, खिडकीतलं ऊन पाठीवर येत होतं आणि समोरचा पडदा जेमतेम अर्धा दिसत होता.

"इथून मला डावीकडचं काही दिसत नाही," केनेश म्हणाले.

"बघण्यासारखं उजवीकडेच आहे, बाबा. बोरसोक घ्या."

केनेशनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कणकेचा एक तळलेला तुकडा चहात बुडवला आणि खोलीतल्या लोकांकडे बघत राहिले. बिश्केकमधल्या त्या वाचनालयाची तळमजल्याची खोली दर शनिवारी तीन वाजता ह्या मंडळींना मिळते. कुणी कॉमिक्स काढतं, कुणी पोरांच्या पुस्तकांना चित्रं, कुणी व्हिडिओ गेम बनवतं, आणि दोघंतिघं नुसतीच हौशी. नियम एकच: आपल्या आवडीचं एक काहीतरी आणायचं आणि त्यातली इतरांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट दाखवायची. पाच मिनिटांत. वेळ बघायचं काम तिलेककडे आहे. तो दातांचा डॉक्टर. जन्म गेला लोकांना तोंड उघडं ठेवायला सांगण्यात, त्यामुळे कुणाला गप्प बसवणं त्याला जमत नाही आणि पाचाची हटकून पंधरा मिनिटं होतात.

झिपारच्या पिशवीत एक कागद होता. अल्माटीच्या प्रदर्शनात तिचा गेम निवडला गेला होता. तीन वर्षं नोकरी सांभाळून, रविवार घालवून केलेला गेम. त्यातली सगळी चित्रं केनेशची, जुन्या मासिकातली. त्यांच्या सहीचा कागद आज सहापर्यंत पोचला नाही तर चित्रं काढून टाकावी लागणार होती, आणि चित्रं काढल्यावर गेममध्ये उरत काय होतं? घरी केनेश एवढंच म्हणाले होते, "आधी बघतो, मग सही." कोणती चित्रं घेतली आहेत ते तिने सांगितलं नव्हतं. एका चित्राबद्दल तर चकार शब्द काढला नव्हता.

"केनेशकाका, तुम्ही सगळ्यांत मोठे. तुमच्यापासूनच सुरुवात," तिलेक म्हणाला. "तुमचा आवडता चित्रकार कोण?"

"मी चहाला आलोय."

सगळे हसले, आणि पाळी मेएरिमकडे गेली. ती विशीतली मुलगी. तिने एक जपानी चित्रकथा आणली होती. दीडशे पानं पाऊस पडतो, पण पावसाची एक रेघ कुठे नाही. लोक फक्त मान खाली घालून चालतात. मग वादिमने त्याचा आवडता गेम दाखवला. त्यात मारामारी नाही, जिंकणं नाही. अंधारात दिवे लावत जायचं, आणि मागचा दिवा विझला की आपण कुठून आलो ते आठवून चालायचं. वादिमचं निरीक्षण असं की दिवा विझताना नायिका दरवेळी एक श्वास रोखते. कुणालाच ते कळलं नव्हतं. केनेश खुर्चीत जरा पुढे सरकले.

मग झिपारची पाळी आली.

"माझा आवडता चित्रकार इथेच बसलाय," ती म्हणाली, "आणि त्याचा चहा संपलाय."

हशा झाला, आणि त्या आधाराने तिने चित्रं लावायला सुरुवात केली. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, शाई लावून कागदावर दाबायचं, म्हणजे ते सुलटं उठतं. केनेशचं सगळं काम ह्या पद्धतीचं. पाणचक्की, बर्फात अडकलेली मेंढरं, घोड्याची तपासणी करणारा म्हातारा. अडतीस वर्षांपूर्वी किरगिझ पोरं ह्या चित्रांसाठी मासिकाची वाट बघायची.

"प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक पाखरू आहे," वादिम म्हणाला. त्याची नजरच तसली.

"ती बाबांची खूण."

"आता गेम," तिलेक म्हणाला. "आणि खेळणार काका. दुसरं कुणी नाही." कुणी काही बोलायच्या आत त्याने केनेशची खुर्ची खांबाजवळून उचलून पडद्यासमोर ठेवली आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.  खेळणार वादिम, असं झिपारने ठरवलं होतं. वडील खांबाआडून जेवढं दिसेल तेवढं बघतील, आणि सही झाली की पुढचं पुढे.

गेममध्ये एक मुलगी हरवलेलं शिंगरू शोधत निघते. केनेशनी तिला दोनदा नदीत पाडलं आणि एकदा दगडावर आपटलं.

"काका, हळू. डाव्या अंगठ्याने चालवा."

"डाव्याच अंगठ्याने चालवतोय. पोरगीच हट्टी आहे, बनवणारीवर गेलीय."

नदीवरचा पूल तुटलेला होता. वाट संपली. अलीकडे लोकरीच्या नमद्याचा एक गोल तंबू होता, त्याच्या दारातून धूर येत होता. केनेशनी मुलीला तंबूत नेलं आणि तंबूचा आतला भाग पडदाभर उघडला.

 किरगिझ तंबूत दारातून आत शिरल्यावर उजवीकडे बायकांची बाजू, चूल, किटली, दुधाची भांडी. डावीकडे पुरुषांची, खोगीर आणि चाबूक. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पडद्यावर चूल डावीकडे होती आणि खोगीर उजवीकडे.

"झिपारताई, चुकलं की गं," मेएरिम हळूच म्हणाली.

"नाही. मूळ चित्रच तसं आहे," झिपार म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कोरताना उलटं करायचं राहून गेलं आणि तसंच छापलं गेलं."

राहून गेलं, एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. मासिकाकडे पत्रांची पोती आली होती. आमच्या बायकांना आता पुरुषांच्या बाजूला बसवता का, असं एका मुख्याध्यापकाने लिहिलं होतं. संपादकाने केनेशना सगळ्यांसमोर उभं करून झापलं. त्या वर्षी त्यांनी मासिक सोडलं ते कायमचं, आणि तंत्रशाळेत यंत्रांच्या आकृत्या शिकवायला लागले. घरी लग्न असो की बारसं, कुणीतरी मामा विचारायचाच, "केनेश, आज दार कुठल्या बाजूला आहे ते बघून आलास ना?" ते हसून वेळ मारून न्यायचे. आई तेवढ्यात चहा आणायला म्हणून उठून आत जायची. झिपारने हे लहानपणापासून पाहिलं होतं, आणि तरीही तेच चित्र गेमच्या मध्यभागी घातलं होतं. 

केनेशनी मान वळवली नाही. त्यांनी मुलीला तंबूतून बाहेर काढलं. बाहेर सगळं पालटलं होतं. डोंगर दुसऱ्या बाजूला, नदी उलट वाहणारी, आणि पुलाची तुटलेली बाजू मागे राहिलेली. मुलगी सरळ पलीकडे गेली. तिथे एक लांब वाकडी रेघ उमटली, एखाद्या पायवाटेसारखी, आणि तिच्या टोकाला शिंगरू उभं होतं.

आधी वादिमने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

"म्हणजे चुकलेल्या तंबूतून गेल्याशिवाय शिंगरू मिळतच नाही," तिलेक म्हणाला. "काय डोकं आहे."

"ह्याच्यात पाखरू नाही," वादिम म्हणाला. तो मागे जाऊन तंबूचं चित्र पुन्हा लावून बसला होता. "बाकी सगळ्यांत आहे, फक्त ह्यात नाही. आणि रेघाही वेगळ्या आहेत. जाड, खोल."

"म्हणून तर मला हे सगळ्यांत आवडतं," झिपार म्हणाली. ती वडिलांच्या पाठीकडे बघत बोलत होती. "बाकीच्या चित्रांत बाबा कधी अडखळत नाहीत. इथे कोरणाऱ्याला भीती वाटतेय आणि तरी तो थांबत नाहीये. ही किटलीची वाफ बघा, वर जाता जाता एकदम आडवी सुटते, पार चौकटीपर्यंत. बाबांनी अशी रेघ परत कधी काढली नाही. शिंगराची वाट मी तिच्यावरूनच घेतली."

केनेशनी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"तिलेक, माझी पाळी राहिलीय ना?"

"राहिलीय की, काका. सांगा."

"माझी आवडती चित्रकार," केनेश म्हणाले आणि पडद्याकडे बोट केलं, "हे कोरणारी. उमसुनाय."

उमसुनाय झिपारची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती छापखान्यात ठसे धुण्याचं काम करायची. तिच्या हातात झिपारने पेन्सिलसुद्धा कधी पाहिली नव्हती.

"मी इस्पितळात होतो. अपेंडिक्स. चित्र गुरुवारी द्यायचं होतं, टेबलावर माझा कच्चा कागद पडलेला. तिने तो बघून जसंच्या तसं चित्र कोरलं, छापलं, नेऊन दिलं. उलटं करायचं असतं हे घाईत सुटलं, आणि छापल्यावर कळलं तेव्हा दुसरं कोरायला वेळ नव्हता. मी पाहिलं ते अंक आल्यावर."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही..." मेएरिमने सुरुवात केली आणि थांबली.

"तेव्हा सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती. पुढे म्हणालो, आता सांगू का? तर म्हणाली, तुम्हाला हसतात ते मी कसंबसं ऐकते, मला हसले तर मी ह्या लोकांच्यात बसणार नाही." त्यांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "आज कुणी हसलं नाही. म्हणून सांगितलं."

तिलेकने घड्याळाकडे पाहिलंच नाही.

"नजरेतून सुटलेली एक गोष्ट दाखवायची असते ना?" केनेश उठून पडद्यापाशी गेले. आडव्या सुटलेल्या वाफेवर त्यांनी बोट ठेवलं. "ही वाफ नाही. इथे सुरी घसरली."

झिपारला आईचा डावा अंगठा आठवला. नखाखालून मनगटाकडे गेलेला पांढरा वण. कलिंगड कापताना लागलं, असं आई सांगायची. लहानपणी ती त्या वणावरून बोट फिरवत झोपायची. आणि गेममध्ये ह्या एका रेघेसाठी झिपारने तीन महिने घातले होते.

तिने पिशवीतून कागद काढून वडिलांपुढे ठेवला.  केनेशनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. 'चित्रकार' ह्या शब्दापुढे त्यांचं नाव होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं, त्याच्यापुढे स्वल्पविराम दिला आणि तंत्रशाळेतल्या सरळ, एकसारख्या अक्षरांत उमसुनायचं नाव लिहिलं. मग खाली सही केली.

"काका, काकूंच्या नावापाशी पाखरू राहिलं," वादिम म्हणाला.

"ते माझं आहे. तिला मी तेव्हा विचारलं होतं, का नाही काढलंस म्हणून." केनेशनी पेनाला टोपण लावलं. "म्हणाली, चित्र मी कोरलंय."

मग ते वळून आपली खुर्ची शोधायला लागले. झिपारने ती उचलली, पण खांबाजवळ नेली नाही. पडद्यासमोर, मधोमध ठेवली आणि त्यांचा रिकामा कप भरून आणला.