फोटोखालची चिठ्ठी

मित्रांनो, मला तीन पाय आहेत आणि त्यांतल्या एकाची खिट्टी तुटलेली आहे. मी एक जुना ट्रायपॉड आहे, म्हणजे कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात तो स्टँड. माझं वजन साडेचार किलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्लीचे शौकीन मला पाहिल्यावर पहिल्यांदा वजनच विचारतात.

बिबवेवाडीत मैनुद्दीनभाईंचा फोटो स्टुडिओ होता. मी कारखान्यातून निघालो तो थेट त्यांच्याकडे आलो आणि सव्वीस वर्षं त्यांच्याबरोबर शाळांच्या पटांगणांत, लग्नाच्या मांडवांत, निरोपसमारंभांत उभा राहिलो. त्यांच्याकडे कॅमेरा एकच होता. त्या कॅमेऱ्याबद्दल ते कधी चार शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. ते बोलायचे समोरच्या माणसांशी. साठ पोरांच्या वर्गात कोणाला कोणाशेजारी बसवलं की दोघंही शहाण्यासारखी हसतील, हे त्यांना बघताक्षणी कळायचं.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि स्टुडिओ बंद झाला. माझी रवानगी घराच्या गॅलरीत झाली. तिथं माझ्यावर कारल्याचा वेल चढवला गेला. दोन वर्षं मी कारली सांभाळली. तक्रार नाही. कारल्यांना निदान आधाराची गरज होती.

त्या वेलातून मला सोडवलं मैनुद्दीनभाईंच्या मुलीनं, बिलकिसनं. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिनं एक वापरलेला कॅमेरा घेतला, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि एका रविवारी फोटोग्राफीच्या क्लबात नेलं. तिला शिकायचं होतं, चार जाणत्यांत बसायचं होतं.

हे जाणते कात्रजच्या बाजूला एका हॉटेलात जमत. टेबलावर चहाला जागा नसे, कारण त्यावर लेन्सा मांडलेल्या असत. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही इतकं निरखून बघत नसतील, तितकं ते एकमेकांच्या लेन्सा बघत. क्लबाचे म्होरके विक्रम एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्याकडे तीन ट्रायपॉड होते आणि तिघांनाही मखमली पिशव्या होत्या. पियुष नावाचा दुसरा गृहस्थ, विक्रमनी जे घेतलं ते महिन्याभरात घेत असे आणि नंतर ते कसं चुकीचं आहे यावर बोलत असे.

मला पाहून विक्रम म्हणाले, "मॅडम, हा ट्रायपॉड आहे की मांडवाचा खांब? कार्बन फायबरचा घ्या. नऊशे ग्रॅम."

सगळे हसले. बिलकिसही हसली, आणि तिनं मला पायानं हळूच टेबलाखाली सरकवलं. मला वाईट वाटलं ते तिच्यासाठी. हसणाऱ्यांसाठी वाईट वाटून घेण्याइतका मी उदार नाही.

मित्रांनो, आठ महिने मी त्या टेबलाखाली होतो. या मंडळींनी काढलेले फोटो मी पाहिले. ते विटांच्या भिंतीचे होते. लेन्स कोपऱ्यापर्यंत स्वच्छ टिपते की नाही, हे बघायला विटांची भिंत बरी पडते म्हणे. हॉटेलामागच्या त्या एका भिंतीचे जितके फोटो निघाले, तितके ती बांधणाऱ्या गवंड्याचे उभ्या जन्मात निघाले नसतील.

बिलकिसच्या लॅबमध्ये साखर तपासायला चंद्रभागाबाई ओव्हाळ येत. साठीच्या बाई. मार्केट यार्डात कांदा निवडायचं काम तीस वर्षं करत आलेल्या. बिलकिसला फोटोचा नाद आहे हे कळल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्यातली यमुनाबाई गेली, तेव्हा घरात तिचा एकही फोटो सापडला नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून हार घातला. त्या फोटोत तिला तिच्या पोरांनीही ओळखलं नाही.

"आम्ही एकतीस जणी आहोत," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "जित्या आहोत तोवर एक चांगला फोटो काढ. घरात लावण्यासारखा."

बिलकिसनं हे क्लबात सांगितलं, आणि तिथंच चुकलं. विक्रमनी लगेच त्याला 'प्रोजेक्ट' असं नाव दिलं. कोण कोणती लेन्स आणणार यावर चार दिवस फोनवर वाद झाला. बिलकिसकडे काम आलं उजेड परतवणारा पांढरा पडदा धरायचं.

ठरल्या दिवशी सकाळचे सौदे आटोपल्यावर आम्ही मार्केट यार्डात पोचलो. मैनुद्दीनभाईही आले होते, मला खांद्यावर घेऊन. सत्तरी उलटलेला माणूस. क्लबातल्या कोणी त्यांना नमस्कार केला नाही. कांद्याच्या गाळ्यासमोर एकतीस बायका उभ्या होत्या. ठेवणीतल्या साड्या, डोक्याला तेल, गजरे. दुपारचा माल यायच्या आत त्यांना मोकळा वेळ होता अर्धा तास.

विक्रमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले की हे ऑथेंटिक वाटत नाही, कामाच्या साड्या नेसून या, धूळ असली तर उत्तमच.

चंद्रभागाबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या लग्नाचा फोटो तुम्ही ऑफिसच्या कपड्यांत काढला का?"

विक्रम ऐकतच नव्हते. त्यांचं आणि पियुषचं उजेड कोणत्या बाजूनं घ्यायचा यावर जुंपलं होतं. उजेड मऊ करायच्या छत्र्या उघडल्या, मिटल्या. लेन्सा बदलल्या. वीस मिनिटं गेली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, दोघीतिघी निघाल्याही. तेवढ्यात विक्रम कॅमेऱ्याला डोळा लावून, लांबून टिपणाऱ्या लेन्समध्ये एखादा सुरकुतलेला चेहरा नेमका बसावा म्हणून, मागं मागं सरकत रस्त्यात गेले. मागून ट्रक रिव्हर्स येत होता. चंद्रभागाबाई दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं ओरडल्या. विक्रमनी खटकन फोटो घेतला. पुढच्या क्षणी मैनुद्दीनभाईंनी त्यांना दंडाला धरून ओढलं.

विक्रमनी आधी कॅमेरा तपासला. मग फोटो पाहिला, खूश झाले आणि मंडळींना घेऊन नाश्त्याला गेले. आपलं काम झालं, असं त्यांनी जाहीर केलं.

बिलकिस हातात पडदा घेऊन तशीच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. मैनुद्दीनभाई तिला एवढंच म्हणाले, "बेटा, दहा मिनिटं आहेत. कॅमेरा लाव."

तिनं पडदा खाली टाकला आणि मला उभं केलं. तुटलेल्या खिट्टीचा पाय घसरू लागला, तेव्हा एका बाईनं पोत्याची सुतळी काढून तो करकचून बांधला. मैनुद्दीनभाईंनी रिकामे क्रेट मांडले. उंच बायका मागं, गुडघे दुखणाऱ्या पुढं बसलेल्या. जिचं जिच्याशी पटत नव्हतं तिला त्यांनी दुसऱ्या टोकाला पाठवलं, न विचारता. निघालेल्या बायका परत आल्या. मग ते म्हणाले, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. मी तीन म्हटलं की उघडा."

एकतीस बायकांनी डोळे मिटले. तीनला उघडले. एकीचीही पापणी मिटलेली नव्हती. बिलकिसनं तीन फोटो घेतले आणि मी तसूभरही हललो नाही. माझ्या साडेचार किलोंचा उपयोग तो हा.

दोन महिन्यांनी क्लबानं प्रदर्शन भरवलं. विक्रमचा फोटो भिंतीच्या मधोमध, दारातून आल्या आल्या दिसेल असा. चंद्रभागाबाईंचं उघडं तोंड, वर गेलेले हात. शीर्षक होतं 'वेदना'. त्याला पहिलं बक्षीसही मिळालं. परीक्षक पियुष होते. बिलकिसचा फोटो ग्रुप फोटो आहे, कला नव्हे, म्हणून त्याला भिंत मिळाली नाही. तिनं तो दाराशी माझ्या आधारानं उभा केला.

रविवारी सगळ्या बायका आल्या. विक्रमच्या फोटोवरून त्यांची नजर सरकली आणि त्या माझ्याभोवती जमल्या. प्रत्येकीनं स्वतःला बोटानं शोधलं. एकजण नुसतीच बघत राहिली. पंचेचाळीस वर्षांच्या वयात तिनं स्वतःला असं हसताना पाहिलं नव्हतं. बिलकिसनं प्रत्येकीच्या हातात एकेक प्रत ठेवली.

चंद्रभागाबाई मात्र मधल्या भिंतीपाशी गेल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. फोटोखालची चिठ्ठी त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात कॅमेऱ्याचं नाव होतं, लेन्सचं होतं, कुठले कुठले आकडे होते, मखमली पिशवीतल्या ट्रायपॉडचंही नाव होतं.

"यात माझं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

विक्रम म्हणाले की असं नाव द्यायची पद्धत नसते, हा चेहरा म्हणजे सगळ्या कष्टकऱ्यांची वेदना आहे.

"कसली वेदना साहेब? मागून ट्रक येत होता. बाजूला व्हा म्हणून ओरडत होते मी तुम्हाला."

सभागृहातली माणसं विक्रमकडे वळून बघू लागली. अशा वेळी माणूस काहीतरी बोलतो. आभार मानतो, निदान खाली बघतो. विक्रमनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण शार्पनेस बघितलात का? पापणीन् पापणी मोजता येते."

चंद्रभागाबाईंनी बिलकिसकडून पेन मागून घेतलं. चिठ्ठीवर आकड्यांखाली थोडी जागा उरली होती. तिथं त्यांनी ठळक, सावकाश अक्षरांत लिहिलं: चंद्रभागा सुखदेव ओव्हाळ. मग चष्मा घडी करून ठेवला आणि मैत्रिणींबरोबर जिना उतरून गेल्या.

त्या दिवसापासून बिलकिस क्लबात गेलेली नाही. रविवारी ती आणि मैनुद्दीनभाई मला घेऊन कधी हमालांच्या तळावर जातात, कधी झाडूवाल्यांच्या हजेरी कोठीवर. माझा तो पाय अजून सुतळीनंच बांधलेला आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडायचे आणि आमची निगा राखा म्हणायचं, अशी रीत आहे. मला हात नाहीत, आणि माझी निगा एका सुतळीत भागते. तुम्ही मोठे व्हाल, महागडे कॅमेरे घ्याल, जरूर घ्या. फक्त ज्याच्यासमोर कॅमेरा धराल, त्याला आधी नाव विचारा. तेवढं जमणार नसेल, तर विटांची भिंत तुमच्यासाठी आहेच. ती काही मनाला लावून घेत नाही.