गंगुबाईचा हात

"एक झटका दी नि कर मोकली," टेबलावर पालथी पडलेली गंगुबाई म्हणाली.

"आजी, या वयात मानेला झटका नाही देणार मी. हलक्या हातानं सैल करते." वेदिका चिपळुणात कायरोप्रॅक्टर होती, मणके, सांधे हातांनी मोकळे करणारी.

गंगुबाईला हसू आलं. गुहागरकडच्या तिच्या गावात चाळीस वर्षं हेच काम तिनं केलं होतं. माडावरून पडलेले गडी, लचक भरलेल्या बाया, सगळे तिच्याच पडवीत यायचे.

"खांदा बसवताना मानसाला इचारायचं, यंदा आंबा कसा हाय? तो बोलाय लागला की आंग सैल सोडतो. तवाच वडायचं."

वेदिका हात थांबवून ऐकत राहिली.

दोन वर्षांपूर्वी गंगुबाईचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. तिला ते पटलं नाही. कुठलातरी मणका सरकला असणार.

"गोळ्या चालू आहेत ना?" वेदिकानं विचारलं.

"सोडून म्हैना झाला. तू हायस ना आता."

"आई!" कोपऱ्यात बसलेली सून दीपाली ताडकन उठली.

वेदिका टेबलाजवळ उकिडवी बसली. "आजी, मान सैल होईल, दुखणं कमी होईल. पण हा आजार मेंदूतला आहे. माझ्या हातानं कंप जायचा नाही. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा, ते सांगतील तशा गोळ्या घ्या."

गंगुबाईला आपली पडवी आठवली. हाड मोडलेलं दिसलं की तीही असंच सांगायची, "ह्ये माजं काम नाय, दवाखान्यात न्या." लोक रागवायचे. पोर खोटं बोलत नव्हती.

"बरा हाय तुजा हात," ती उठताना म्हणाली.

वाटेतच दीपालीनं डॉक्टरांना फोन लावला. घरी पोचल्या तर पडवीत शेजारची मथुरा मनगट धरून बसलेली. "गंगूकाकी, पायरीच्या चिऱ्यावरून पाय घसरला गो, हातावर पडले. जरा बघ."

गंगुबाईनं सवयीनं मनगट हातात घेतलं. बोटं ठरेनात. कळ आली तशी मथुरानं डोळे मिटले, पण हात काही मागं घेतला नाही.

गंगुबाईनंच घेतला.

"दीपाली, फडका आण. मी सांगते तसा बांध. आनि मथुरे, दवाखान्यात जाऊन हाडाचा फोटो काढून घे."

दीपाली गुंडाळू लागली.

"आवळू नको... जरा खाली. हां, असा." गंगुबाई सांगत होती. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता.