चौथी फेरी

“बाबा, एकटे वर जाऊ नका. मीपण येतो.”

धुराड्याच्या शिडीवर पहिलं पाऊल ठेवता ठेवता वैद्यबुवा थांबले. मागे जावई उभा होता, हेल्मेटचा पट्टा आवळत.

“का हो जावईबापू? तीस वर्षं एकटाच चढतोय. आज माझ्यावर पहारा?”

“पहारा कसला! सोबत म्हणून.”

सोबत! बुवा चढू लागले.

सिमेंटच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत, कारण धुराड्याची नाडी तेच बघत. भट्टीनं किती कार्बन वायू हवेत सोडायचा याला सरकारनं मर्यादा घालून दिली होती, आणि तो मोजणारं यंत्र वर, धुराड्याच्या निम्म्या उंचीवरच्या सज्जात होतं. दर तीन महिन्यांनी बुवा त्यात कार्बन काढून टाकलेली स्वच्छ हवा सोडत, काटा शून्यावर येतो का पाहत, हवेचा व्हॉल्व्ह बंद करत आणि त्याच्या चाकाला लाल दोरा बांधत. तो दोरा अख्खा आहे, म्हणजे मधे कुणी हात लावलेला नाही. सरकारी खातंही ते मानत असे.

गेल्या तपासणीपासून मात्र आकडा दहा टक्क्यांनी उतरला होता. भट्टी तीच, कोळसा तोच. साहेब खूश होते. बुवांची झोप उडाली होती. आकडे नोंदले जातात ते नियंत्रण कक्षात, आणि तिथे बसतो जावई. हुशार आहे, बढतीच्या रांगेत आहे. कुणाच्या मनात काय येईल, देव जाणे!

महिनाभर दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट ठेवून जेवत होते आणि बोलत होते ते ‘मीठ द्या’पुरतं. लेक विचारून विचारून थकली होती. अकरा वाजता खात्याच्या निरीक्षक बाई येणार होत्या. त्याआधी आपण डोळ्यांनी बघायचं, असं बुवांनी ठरवलं होतं.

सज्जात पोचल्यावर जावई धापा टाकत म्हणाला, “आता बघतोच दोरा.”

“तुम्ही? तुम्ही काय बघणार?”

“तुम्ही महिनाअखेर निवृत्त होताय. साहेब म्हणे पुढची दोन वर्षं ठेवून घेणार. उगाच नाही कुणी ठेवून घेत, बाबा.”

बुवा त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना हसू आलं, कडू हसू. “म्हणजे इतके दिवस तुम्हीही मला चोर समजत होतात?”

“म्हणजे तुम्हीही मला?” जावयानं विचारलं, आणि दोघंही दोऱ्याकडे वळले.

दोरा अख्खा होता. गाठ डाव्या हाताची. कारखान्यात डावखुरे बुवा एकटेच. पण वाकल्यावर त्यांच्या कानाला बारीक सूं सूं ऐकू आली. चाकाच्या दांड्यावर आट्यांचा एक वेढा उघडा दिसत होता; व्हॉल्व्ह पुरता बंद नव्हता.

बुवा खाली बसले.

“काय झालं?”

“हा व्हॉल्व्ह नवा आहे. मीच बसवला, मागच्या तपासणीच्या दिवशी. जुना तीन फेऱ्यांत बंद व्हायचा. मी प्रत्येक फेरीला देवाचं नाव घेतो. तीन नावं, झालं. हात तिथेच थांबतो.” त्यांनी बोट दाखवलं. “याला चार लागतात. तीन महिने धुरात स्वच्छ हवा मिसळतेय. आकडा खोटा आहे, आणि तो मी केलाय.”

जावयानं घड्याळ पाहिलं. साडेदहा. आवाज खाली आणून तो म्हणाला, “बाबा, दोरा तोडा. चाक फिरवा, नवा बांधा. मी काही पाहिलं नाही.”

तो पहिल्यांदाच मायेनं बोलत होता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. बुवांचा हात खिशातल्या रिळाकडे गेलाही. मग त्यांनी तो बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला.

“तुम्ही खाली जा. आकड्यासमोर बसा. बाईंना वर पाठवा.”

बाई चढून आल्या. बुवांनी सांगितलेलं सगळं ऐकलं, पण चेहरा हलला नाही.

“दोरा तुमचा?”

“माझा.”

“हे आजच बरं कळलं?”

“आजच कळलं.”

“की कुणी सांगायला सांगितलं, साहेब वाचावेत म्हणून? मी विश्वास ठेवीन असं समजू नका.”

“नकाच ठेवू, बाई. फिरवून बघा.”

त्यांनी कात्रीनं दोरा कापून पाकिटात घातला आणि चाक फिरवलं. सूं सूं थांबली. थोड्या वेळानं वायरलेसवर जावयाचा आवाज आला, “चढतोय... मर्यादा ओलांडली.”

बाईंनी लिहून घेतलं. “चौकशी होईपर्यंत तुम्ही इथे सील करायचं नाही. दुसरं कोण करेल?”

“खाली आहे तो. नियंत्रण कक्षातला. माझा जावई.” बुवांनी लाल दोऱ्याचं रीळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं. “त्याला एवढं सांगा, चार फेऱ्या.”

मग ते शिडीकडे वळले. एकेक पायरी उतरताना ओठ देवाचं नाव घेत होते. या वेळी ते मोजत नव्हते.