दहा मिनिटं थांबा

"तुमची स्वतःची वॉरंटी कधी संपते हो?"

हे मी विचारलं. सर्व्हिस सेंटरमध्ये, काचेपलीकडे बसलेल्या काउंटरवाल्याला, अख्ख्या रांगेसमोर. विचारून दाखव, तर तुला मानलं, असं माझ्या दोन मैत्रिणींनी बसमध्येच सुनावलं होतं. त्या दोघी आता मागच्या खुर्च्यांवर दप्तरात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात मला 'मुकी' म्हणायचे. आता 'भोंगा' म्हणतात. मला भोंगा जास्त आवडतं.

काउंटरवाला हसला नाही. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गणवेशाकडे.

"ताई, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये."

"ताई म्हणायचं तर 'या' म्हणा. आणि मोठं माणूस दोनदा येऊन गेलंय. तुम्ही त्याचं काय केलंत, तेच सांगायला मी आलेय."

ते मोठं माणूस म्हणजे माझी आई. ती घरी बसून भरतकामाच्या मशीनसाठी डिझाईन बनवते. आधी कागदावर फूल काढते, मग कॉम्प्युटरवर त्याचा एकेक टाका आखते. तिची फाईल कारखान्यातल्या मशीनमध्ये घातली की तेच फूल एका वेळी बारा कापडांवर उमटतं. अशी नऊ वर्षांची सहाशे चाळीस डिझाईन. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा तिने तोवरची सगळी एका हार्ड डिस्कवर हलवली आणि नंतरचीही तिच्यातच ठेवली. काळी, माझ्या कंपासपेटीएवढी. दुसरीकडे कॉपी? नाही ना! "सांभाळून ठेवायलाच तर डिस्क घेतली," म्हणायची. आणि सांभाळायची म्हणजे किती, तर तिने त्या डिस्कला कव्हर शिवलं. आत कापूस, वर निळी वेल, कडेला गाठीचे टाके.

दोन वर्षांनी डिस्क मध्येच बंद पडायला लागली. वॉरंटी संपायला नऊ दिवस होते. आई डिस्क घेऊन इथे आली. याच माणसाने डिस्क पाच मिनिटं लावून बघितली, "चालते की," म्हणाला आणि पावतीवर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. आई थँक यू म्हणून घरी आली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा आई इथे. या वेळी महाराजांनी तारीख दाखवली, वॉरंटी संपली, म्हणाले. वर ते कव्हर चिमटीत धरून शेजारच्याला दाखवलं, "रजईत झोपवल्यावर तापणारच हो बाई. चूक तुमचीच."

आईने घरी येऊन ते कव्हर शिवणाच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवलं आणि भाजी चिरायला बसली. ते बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

पहिल्या भेटीची पावती मला तिच्या चित्रांच्या गठ्ठ्यात सापडली. हातात येईल त्या कागदाच्या पाठीवर ती चित्रं काढते. पावतीच्या पाठीवर पेरूचं पान होतं. आता मी ती पावती काउंटरवर आपटली आणि शेजारी डिस्क ठेवली.

"तारीख वाचा. मोठ्याने."

त्याने मनातच वाचली. "यात दोष आढळला नाही असं लिहिलंय."

"किती वेळ शोधला होतात?"

"हे बघ..."

"पाच मिनिटं. आई समोर उभी होती. ही बंद पडते दहा मिनिटांनी. कव्हर नसतानाही. घड्याळ लावून बघितलंय मी. आत्ता लावा आणि दहा मिनिटं थांबा."

"एवढा वेळ कुणाला आहे? मागे रांग आहे."

"रांगेला वेळ आहे की नाही ते रांगेला विचारा की," मागून आवाज आला. मांडीवर प्रिंटर घेऊन बसलेले एक आजोबा होते. "लावा हो, मलाही बघायचंय. माझा हा प्रिंटरसुद्धा तुमच्यासमोर गुणी बाळासारखा वागतो आणि घरी गेला की कागद खातो."

सगळे हसले. आता काउंटरवाल्याला डिस्क लावावीच लागली. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवला, हाताची घडी घातली आणि छताकडे बघत बसला. माझी एक मैत्रीण मोठमोठ्याने मिनिटं मोजायला लागली. चार झाली. पाच झाली. पाचव्याला त्याने भुवया उडवल्या. सातव्याला मी डिस्ककडे डोळे वटारून बघितलं. आज नेमकी हिने नीट चालायचं ठरवलं तर? मी तोंड कुठे लपवू? आठवं सरलं आणि डिस्कमधून आवाज आला. टक. थोडं थांबून टक, टक. मग नखाने पत्र्यावर वाजवावं तसं न थांबता टकटकटक. स्क्रीनवरची सगळी फोल्डर एकदम गायब.

"सापडला का दोष?" मी विचारलं. एवढ्या जोरात, की आतल्या केबिनमधून साहेब बाहेर आले.

साहेब फार गोड बोलले. पावती बघितली, डिस्क कानाला लावली, काउंटरवाल्याकडे एक नजर टाकली. "बेटा, वॉरंटी संपलीच आहे, पण खास बाब म्हणून आम्ही तुला डिस्क बदलून देऊ."

"खास बाब कसली? चूक तुमची होती."

"तेच ते," म्हणत त्यांनी एक फॉर्म माझ्या हातात ठेवला. बिल आईच्या नावावर, म्हणून सही आईची. शुक्रवारपर्यंत जुनी डिस्क आणि फॉर्म आणायचा, नवी घेऊन जायची. तो दिवस मंगळवार होता. बाहेर पडल्यावर मैत्रिणींनी मला उचललं, पेललं नाही, म्हणून तिघी फुटपाथवर बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

घरी बाबा नुकतेच कामावरून आले होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात; हात ग्रीसने काळेच होते. मी काउंटरवाल्याची नक्कल करत सगळं सांगितलं. "कार्टे!" ते म्हणाले. "कुणावर गेलीस गं तू? माझ्यावर तर नाही. मी अजून ऑफिसात रजा मागतानासुद्धा घाबरतो." आई हसली. मग तिने चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला घेतला, बोट ठेवून, ओळीनं ओळ. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

'जमा केलेली जुनी डिस्क कंपनीच्या मालकीची राहील. तीतील माहिती ग्राहकाला परत मिळणार नाही.'

मी ती ओळ वाचलीच नव्हती. 'वाचा, मोठ्याने,' म्हणून त्या माणसावर गुरगुरणारी मी, आणि हातातला कागद मात्र झेंड्यासारखा फडकवत घरी आणला. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"अगं, मग आत्ताच काढून घेऊ ना सगळं," बाबा म्हणाले. आम्ही डिस्क कॉम्प्युटरला लावली. आईने बोट दाखवायचं, मी कॉपी करायचं. एकेक फाईल अशी हळूहळू यायची, जसं कुणी आतून पायाने ढकलतंय. नऊ डिझाईन आली आणि टकटक सुरू झाली. सहा मिनिटं झाली होती. दहा नाही, सहा. तासभर थंड होऊ दिली, पुन्हा लावली. पाच मिनिटं. सात डिझाईन.

काल ती जवळजवळ दहा मिनिटं चालत होती. आज मी चार लोकांना तमाशा दाखवण्यासाठी तिला तापेपर्यंत चालवली. "माझ्यामुळे झालं का गं?" मी आईला विचारलं. "तसं नसेल," आई म्हणाली. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही, डिस्ककडे बघितलं.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "शुक्रवारपर्यंत फार तर शंभर निघतील. नीट चालली तर."

आईने पेन घेतलं आणि फॉर्मवर सही केली. सावकाश, वळणदार, जशी ती डिझाईनच्या कोपऱ्यातलं पान काढते.

"आई, काय करतेस!"

"जाऊ दे. नवी तरी मिळतेय. बाकीची करीन परत, हळूहळू."

"हळूहळू? नऊ वर्षं परत करशील?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! पहिल्या दिवशीही तू 'जाऊ दे' म्हणालीस. तो 'चालते की' म्हणाला आणि तू थँक यू म्हणालीस! त्याने तुझ्या कव्हरची टिंगल केली तेव्हाही गप्प. आणि आता ते म्हणतात, तुमची सगळी डिझाईन आम्हाला द्या, वर खास बाब म्हणून आभार माना, तर तू सही करतेस?"

"आवाज खाली," बाबा म्हणाले. "आई आहे ती तुझी."

"आई आहे म्हणूनच!"

आई पेनाला टोपण बसवत होती आणि ते बसत नव्हतं.

"मला काय वाटतं ते कुणी विचारलंय का?" ती हळूच म्हणाली. "तू तिथे एवढी भांडलीस. तुझ्यामुळे मिळालेली वस्तू मी नको कशी म्हणू?"

म्हणजे सही माझ्यासाठी होती! मला रडायला आलं आणि रडायला आलं म्हणून आणखीच राग आला. आईवर, साहेबांच्या गोड आवाजावर, त्या तिसऱ्या ओळीवर, स्वतःवर. मी विचारलं, "तुला नवी डिस्क हवी की तुझी डिझाईन? माझं सोड. तुला."

आईने टोपण टेबलावर ठेवून दिलं. "डिझाईन," ती म्हणाली. मी तिला एवढ्या स्पष्ट आवाजात काही मागताना कधी ऐकलं नव्हतं.

मी फॉर्म उचलला, सहीसकट चार तुकडे केले आणि बाबांच्या हातात ठेवले.

"ऐका दोघंही," मी म्हणाले. "ही डिस्क कुठेही जाणार नाही. रोज शाळेतून आले की मी तिला लावणार. पाच मिनिटं चालली तर पाच, दोन चालली तर दोन. क्रम आईने ठरवायचा. सगळ्यात आवडतं डिझाईन आधी. आणि शुक्रवारी मी रिकाम्या हाताने साहेबांकडे जाऊन सांगणार आहे, नवी डिस्क हवी आहे आणि जुनी मिळणार नाही. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. पण ते आईच्या तोंडावर म्हणायला लागेल, कारण आई माझ्याबरोबर येणार आहे."