दुप्पट जव आणि एकच ओगराळे

मित्रांनो, विहिरीत दोरीने टांगलेल्या मडक्याला राग येत असेल, असे तुम्हाला वाटणार नाही. मला येतो. मी एक जुने, काठाचा टवका उडालेले मातीचे मडके आहे, आणि माझी हकीकत मी शांतपणे सांगणार नाही.

लिथुआनियात, बिर्जाईजवळच्या एका खेड्यात, कुंभाराने मला घडवले. माझा पुढचा धनी येरोनिमास, त्याच्या आजीने मला विकत घेतले, तेव्हापासून माझ्या पोटात एकच गोष्ट राहिली : घरच्या बिअरचे यीस्ट. तुमच्याकडे दुधाला विरजण लागते, तसे जवाच्या गोड काढ्याला हे लागते. ते जिवंत असते. गारव्यात झोपते, गोडावर जागे होते. म्हणून माझी जागा विहिरीत, पाण्याच्या वीतभर वर.

येरोनिमास दोन प्रकारची बिअर करी. गवत कापणीच्या दिवसांत हलकी. तिला माझ्यातले एक ओगराळे पुरे. लग्नाला, मयताला मात्र जड. तेवढ्याच पाण्यात दुप्पट जव. त्याआधी आठवडाभर तो मुद्दाम हलकी बिअर लावी, तिच्या तळाचा ताजा, दाट साका माझ्यात गळ्यापर्यंत भरी आणि मग मला काढ्याच्या पिंपात सबंध पालथे करी. वर साक्याचा आणखी एक वाडगा. काढा जितका गोड, तितके काम मोठे. एवढे काम मूठभर यीस्टच्या अंगावर टाकले, तर ते अर्ध्या वाटेत थकते आणि आपणच केलेल्या दारूने झिंगून तळाशी निजते. रागावून ओतले की बिअर जोरात उसळते, अशी त्या घरची समजूत होती. येरोनिमास पिंपाला लाथ मारून ओरडे, "उठा रे आळशांनो, पाहुणे दारात आलेत!" गाव त्याच्या बिअरची तारीफ करी. माझे नाव कुणी घेतले नाही. त्याचा मला राग नव्हता.

राग पुढचा आहे.

येरोनिमास नोव्हेंबरात गेला. त्याच्या मयताला दुकानातली बिअर आली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझी दोरी कुणी ओढली नाही. पोटातले यीस्ट उपाशी राहिले, बरेचसे मेले.

त्याच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला दहा दिवस उरले, तेव्हा त्याची लेक ऑड्रोने शहरातून आली. तिचा धाकटा भाऊ आल्विदास आयर्लंडातली नोकरी सोडून घरीच राहत होता. "बाबांच्या मयताला दुकानातली पाजली, ते मला अजून सलतंय," ती म्हणाली. "या वेळी घरची. जड."

आल्विदासने जव दुप्पट घेतले. मग मला वर ओढले आणि माझ्यातले एकच ओगराळे यीस्ट काढ्याच्या पिंपात टाकले.

"एवढंच?" ऑड्रोनेने विचारले.

"बाबा कायम एकच घालायचे. गवताच्या सुट्टीत तूही पाहिलंयस."

तिने मला हुंगले. "वास बरा नाही रे याचा."

"ताई, तू तुझ्या ग्रंथालयातली पुस्तकं लाव. पिंप माझ्याकडे दे."

दोघांनी पाहिली होती ती गवताची हलकी बिअर. जड बिअरच्या दिवशी घरात उकळत्या पाण्याच्या कढया असत, म्हणून येरोनिमास पोरांना आत्याकडे धाडी. त्यांची आठवण खरी होती, पण अर्धी. मला किंचाळावेसे वाटले. एक ओगराळे, तेही अर्धमेले!

चौथ्या दिवशी फेस खाली बसला. ऑड्रोनेने घोट घेतला.

"पाक आहे हा नुसता."

"दोन बाटल्या व्होडका ओततो. म्हाताऱ्यांना काय कळतंय!"

तिने हातातले ओगराळे भिंतीवर फेकले. "मयताला दुकानातली आणि वर्षाला पाकात व्होडका? त्यांनी तुझ्यासाठी आयुष्यात कशात तरी भेसळ केली होती का रे?"

तिने मला काखोटीला मारले आणि शेजारच्या ब्रोनेमावशीचे दार ठोठावले. मावशी ऐंशीची. तिच्या ओट्यावर हलक्या बिअरची बादली फेसाने भरभरून उसळत होती. तिने माझ्यात डोकावून नाक मुरडले.

"अगं बये! घागरभर दुधाला बोटभर विरजण, आणि तेही गेल्या वर्षीचं? तुझा बाप वर कपाळ बडवत असेल."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"मग विचारायला तोंड नव्हतं? दर ईस्टरला यायचीस, पोटभर प्यायचीस. बाप समोर बसलेला असायचा."

ऑड्रोनेचे डोळे भरले, पण तिने मान खाली घातली नाही. "ओरडून झालं असेल, तर यीस्ट द्या."

म्हातारी खुदकन हसली. "आता बोललीस त्याच्या लेकीसारखी. झोपलेलं नको, हे उसळतंय ते ने. सगळी बादली ने. माझी बिअर गेली उडत. माझं यीस्ट बिघडलं त्या साली हे त्यानेच दिलं होतं."

सगळी बादली पिंपात गेली. ऑड्रोनेने पिंपाला लाथ घातली आणि ती ओरडली. ते सोंग नव्हते. शब्दही नव्हते त्यात. आल्विदास पलीकडून पिंप घट्ट धरून उभा होता. दुसऱ्या दुपारी पिंप गुरगुरू लागले.

वर्षाच्या दिवशी वाटाणे, तळलेले डुकराचे मांस वाढले आणि एकच मोठा पेला टेबलाभोवती फिरला. पहिला घोट ब्रोनेमावशीचा.

"चढेल," ती म्हणाली. "पण गोडी जरा जास्तच राहिलीय."

आल्विदास उठून उभा राहिला. "माझ्यामुळे. मी कमी घातलं."

"मग बस खाली, आणि पुढच्या वर्षी घालू नकोस कमी," म्हणत तिने पेला त्याच्याच हातात दिला.

पाहुणे गेल्यावर त्याने मला घासूनपुसून बापाच्या फोटोशेजारी फळीवर ठेवले. ऑड्रोनेने मला तिथून उचलले. "फोटोला भूक लागत नाही. याला लागते." तिने ताजा साका माझ्यात भरला, तोंडाला फडके बांधले आणि दर महिन्याला हलकी बिअर लावायची, अशी भावाला तंबी दिली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. येरोनिमास चाळीस वर्षे विहिरीवर येत होता. "बाबा, जड बिअरला किती?" एवढे एकदाही कुणी विचारले नाही. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, नजरेच्या अंदाजाने मीठ घालणारे. आजच जा आणि विचारा, किती. ते वैतागतील. "मला काय ठाऊक, अंदाजानं घालते," म्हणतील. त्यांचा हात धरा आणि पुन्हा विचारा.